राहिलेले बावीस किलोमीटर

आवाज नीट येतोय ना सगळ्यांना? येतोय. छान.

मी बडोद्याहून बोलतेय. जन्म इथलाच, दांडिया बाजारातला. वय चोपन्न, एका बँकेत नोकरी. सायकल लहानपणी चालवली, मग तीस वर्षं सोडली, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा परत धरली. आज मला बोलायचंय ते शिमल्याहून स्पितीमार्गे मनालीपर्यंत केलेल्या सायकलप्रवासाबद्दल. आयोजकांनी विचारलं होतं, ‘स्पितीची सायकल सफर पूर्ण’ असं नाव देऊ का? मी म्हटलं, नाव काहीही द्या, फक्त त्यातला ‘पूर्ण’ तेवढा काढा. का, ते आता सांगते.

आधी रस्ता कसा आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

शिमला ते मनाली नेहमीच्या रस्त्याने गेलात तर एका दिवसात पोचाल. आम्ही गेलो ती मोठी फेरी. शिमला, नारकंडा, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा, लोसर, कुंझुम खिंड, बातल, ग्राम्फू, रोहतांग आणि मनाली. सगळं मिळून सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. यात गंमत अशी आहे की शिमल्याला तुम्ही साधारण २,२०० मीटरवर असता. नारकंड्याला चढून २,७०० वर जाता, आणि मग सतलजच्या काठाला रामपूरला उतरता ते थेट हजार मीटरपर्यंत. म्हणजे दोन दिवस घाम गाळून कमावलेली उंची एका दुपारी घालवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! माझा भाचा बरोबर होता, तेव्हा सव्वीस वर्षांचा. तो म्हणाला, “मावशी, बँकेत असं झालं असतं तर तू तक्रार केली असतीस.”

पण या बाजूने जाण्याचा मोठा फायदा आहे. उंची हळूहळू वाढते. किन्नौरमधून वर सरकत सरकत आठवडाभराने तुम्ही काझाला पोचता, ३,६०० मीटरच्या वर, तोवर शरीराला सवय झालेली असते. मनालीकडून उलटं गेलात तर दोन-तीन दिवसांतच साडेचार हजार मीटरच्या खिंडीवर उभे राहता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. डोकं दुखतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. माझ्या वयाच्या कुणाला जायचं असेल तर शिमल्याकडूनच जा, एवढं आजच्या बोलण्यातलं लिहून ठेवा.

तयारी काय केली? बडोद्यात चढ कुठून आणायचा! पण पावागड पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि महीकाठची कोतरं आहेत. दर रविवारी पहाटे आम्ही कोतरांत जायचो. मातीचे उभे चढ, मधेच घसरडी वाळू. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंना पिशव्या लावून त्यात तांदळाच्या पुडक्या भरायच्या आणि चढायचं. कच्च्या रस्त्यावर टायरची हवा कमी करायची, हे मी तिथे शिकले. डांबरावर पन्नास पीएसआय ठेवत असाल तर गोट्यांवर पस्तीसपर्यंत उतरवा. टायर दगडाला धरून चालतं आणि मनगटं वाचतात.

२०१९ च्या जुलैमध्ये निघालो. काझापर्यंतचं फार सांगत नाही. तो रस्ता बराचसा डांबरी आहे, मधेमधे दरड कोसळून उखडलेला. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तिथे आम्ही सतलज सोडली आणि तिथून पुढे झाडंच संपली. ताबोला मठ पाहिला, सन ९९६ मधला. बाहेरून बघाल तर मातीच्या बैठ्या भिंती, आणि आत अंधारात हजार वर्षांची चित्रं. काझाला एक दिवस विश्रांती, एक दिवस सामान न घेता लांगझा आणि हिक्कीमचा चढ. हिक्कीमच्या पोस्टातून मी आईला कार्ड टाकलं. ते बडोद्याला माझ्यानंतर पोचलं.

खरा कच्चा रस्ता लागतो तो लोसर सोडल्यावर. लोसरहून कुंझुम खिंड एकोणीस किलोमीटर. मला साडेपाच तास लागले. वर कुंझुम मातेचं देऊळ आहे. गाड्या त्याला एक प्रदक्षिणा घालून पुढे जातात, आम्हीही सायकल ढकलत घातली. पलीकडे अकरा किलोमीटर उतार, तोही इतका खडखडीत की ब्रेक धरून धरून बोटं वळेनाशी झाली. खाली चंद्रा नदीकाठी बातल. दोन ढाबे आणि एक पूल. बातल ते ग्राम्फू हे जे पन्नास किलोमीटर आहेत ना, त्याला रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं. नदीतले गोटे वर आणून पसरावेत तसं आहे. ताशी पाच-सहा किलोमीटरपेक्षा जास्त वेग निघत नाही, आणि मधूनमधून नाले.

आता नाल्याचं सांगते, कारण सगळं तिथेच झालं.

नाले वरच्या हिमनद्यांतून येतात. रात्री थंडीत बर्फ वितळत नाही, म्हणून पहाटे पाणी कमी असतं. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचायला वेळ लागतो, आणि दुपारी नाला फुगतो. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं. म्हणून नाले सकाळी पार करायचे. हे मला माहीत होतं. आदल्या रात्री ढाब्यावरही सांगितलं होतं, “दीदी, छह बजे निकल जाना।”

आम्ही निघालो दहाला. कारण सांगायला हवं. आदल्या दिवशी आम्ही चंद्रतालला जाऊन आलो होतो, मी दमले होते. भाच्याने पाच वाजता हाक मारली. मी म्हटलं, अर्धा तास. मग उठल्यावर एक चहा, मग पराठा, मग दुसरा चहा. तो सायकली बांधून बाहेर उभा होता. मोठ्या माणसाला किती वेळा घाई करायची, म्हणून गप्प बसला. चूक सगळी माझी.

बातलपासून दहा-एक किलोमीटरवर तो नाला लागला तेव्हा पावणेएक वाजला होता. पाणी करडं, मातकट, तळ दिसत नव्हता. खालून गोटे गडगडत जात होते, त्याचा आवाज येत होता. भाच्याने आधी पिशव्या सोडून पलीकडे नेल्या, मग सायकल नेली. दोन फेऱ्या, बूट न काढता. मला म्हणाला, “मावशी, थांब, तुझी सायकल मी आणतो.” मी म्हटलं, “कशाला? माझी मी आणते.”

नाला ओलांडताना सायकल नेहमी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची. म्हणजे पाणी आधी तुमच्यावर येतं, मग सायकलवर. सायकल सुटली तर ती तुमच्यापासून लांब जाते. मी धरली वरच्या बाजूला, आणि पिशव्याही सोडल्या नव्हत्या. मधोमध पोचले तेव्हा पाण्याने अख्खी सायकल उचलून माझ्या गुडघ्यांवर आणली. मी आडवी झाले.

किती वेळ होते पाण्यात, सांगता येत नाही. भाचा म्हणतो दहा सेकंदही नसेल. एका मोठ्या दगडाला सायकल अडकली आणि सायकलला मी. त्याने येऊन दंडाला धरून ओढलं. एक पिशवी गेली, तिच्यात कोरडे कपडे होते. बाकी खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ते पाणी बर्फाचं. बाहेर आल्यावर वारा सुटलेला. मला बोलता येईना. दात वाजत होते, आणि हाताची बोटं आपली नसल्यासारखी झाली होती.

तेवढ्यात मागून एक पिकअप आली. स्पितीचा मटार त्या दिवसांत खाली बाजारात जातो, तशी मटाराच्या पोत्यांनी भरलेली. चालकाने नाला पार केला, मला पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. त्याच्या सीटवरचं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. सायकल पोत्यांवर टाकली. भाचा म्हणाला, “तू जा मावशी, मी येतो मागून.” माझ्या मनात होतं, थोडं ऊब आली की उतरू. दोन किलोमीटरवर मी म्हटलं, इथे उतरते. तो चालक म्हणाला, “अभी मत उतरो दीदी, होंठ नीले हैं।” मी उतरले नाही. छत्रूपर्यंत बसून गेले. बावीस किलोमीटर.

त्या माणसाने मला वाचवलं, आणि मी गाडीत बसले ते शंभर टक्के बरोबर केलं. आज पुन्हा तसं झालं तर आज पुन्हा बसेन. तुम्हीही बसा. त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही किंतु नव्हता, आत्ताही नाही.

भाचा अंधार पडल्यावर छत्रूला पोचला. एकटा. सगळे बावीस किलोमीटर सायकलवर. दुसऱ्या दिवशी आम्ही ग्राम्फू गाठलं, मग रोहतांग चढलो, आणि मनालीला उतरलो. मॉल रोडवर फोटो काढला.

घरी आल्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळींनी कौतुकाचा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, मागे फलक. फलकावर लिहिलं होतं, ‘सव्वासहाशे किलोमीटर सायकलवर’. मी फलकाकडे पाहिलं आणि म्हटलं, राहू दे, आता कुठे दुरुस्त करत बसायचं. बोलताना नाल्याचा प्रसंग सांगितला, अगदी रंगवून सांगितला. पडले ते सांगितलं, पिशवी गेली ते सांगितलं. पिकअप मात्र गाळली.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. दुसऱ्या रांगेतून सातवी-आठवीतली एक मुलगी उठली. तिने विचारलं, “मावशी, तुम्ही एकदाही गाडीत नाही बसलात?”

मी म्हटलं, “नाही.”

टाळ्या पडल्या. भाचा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या की नाही, मी पाहिलं नाही. घरी जाताना रिक्षात तो म्हणाला, “मावशी, मी काही बोललो नाही.” मी म्हटलं, “हो.” एवढंच आमचं त्यावर बोलणं झालं. पुढे तीन वर्षं नाही.

मंडळी, तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? सव्वासहाशेतले बावीस. मीही स्वतःला हेच सांगत होते. पण कुणी ओळख करून देताना म्हणे, ‘या आमच्या स्पिती पूर्ण करणाऱ्या ताई’, की पोटात कुठेतरी टोचायचं. त्या मुलीच्या वयाची असताना मी असं काही कुणाला विचारलं असतं आणि मोठ्या माणसाने ‘नाही’ म्हटलं असतं, तर मी विश्वास ठेवला असता. तिनेही ठेवला असणार.

मग लॉकडाऊन आला. घरात बसून भाचा अमेरिकेतल्या एका सायकल मार्गाचे व्हिडिओ बघायचा. ग्रेट डिव्हाइड म्हणतात त्याला. कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, रॉकी पर्वताच्या कण्याने, चार हजारांवर किलोमीटर आणि बहुतेक सगळा कच्चा रस्ता. अमेरिकेतल्या अॅडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने १९९० च्या दशकात तो आखला. त्या मार्गावर दरवर्षी जूनमध्ये ‘टूर डिव्हाइड’ नावाची शर्यत होते. ना बक्षीस, ना पंच. एकदा जेवताना भाचा सहज म्हणाला, “मावशी, त्यांचा एक नियम मला आवडतो. अन्नाला, दवाखान्याला, दुरुस्तीला मार्ग सोडून जायला परवानगी आहे. पण परत यायचं ते जिथून सोडला त्याच जागेवर.”

तो मुद्दाम म्हणाला की सहज, मी अजून विचारलेलं नाही. पण मला तो नियम फार शहाणपणाचा वाटला. मार्ग सोडलात म्हणून कुणी तुम्हाला नावं ठेवत नाही. माणूस पडतो, आजारी पडतो, साखळी तुटते. फक्त राहिलेला तुकडा राहिलेला आहे हे तुम्ही धरून चालायचं. तो आपोआप भरत नाही, आणि शेवटची रेघ ओलांडली म्हणूनही भरत नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी आठ दिवसांची रजा टाकली. भाचा म्हणाला, “मी येतो.” मी म्हटलं, “नको. तुझं झालेलं आहे.”

तोवर अटल बोगदा सुरू झाला होता. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं, त्यामुळे रोहतांग न चढताच जीप पलीकडे लाहौलमध्ये निघाली. तीन वर्षांपूर्वी ज्या खिंडीने माझा पूर्ण दिवस खाल्ला होता तिच्या पोटातून काही मिनिटांत! मग कोकसर, ग्राम्फू, छत्रू. जीपच्या टपावर सायकल बांधलेली. मी खिडकीतून नाला शोधत होते, कारण नियमाप्रमाणे तिथेच उतरायचं होतं.

आणि नाला सापडेना.

म्हणजे नाले होते, चार-पाच होते. पण माझा कुठला? मला तो मोठा दगड आठवत होता. तसे दगड सगळीकडे. जीपच्या चालकाला विचारलं तर तो म्हणाला, नाला दरवर्षी जागा बदलतो, यंदा इकडून, पुढच्या वर्षी तिकडून, रस्तासुद्धा त्याच्याप्रमाणे सरकवावा लागतो. आता त्याच जागेवर परत यायचं, तर ती जागाच राहिली नव्हती. मी थोडा वेळ हसले. मग त्याला म्हटलं, चला, थेट बातलला सोडा. बावीसऐवजी बत्तीस करू, म्हणजे हिशोबात कमी पडायला नको. बँकेतली सवय.

रात्री बातलला राहिले. या वेळी पाचला उठले, एकच चहा घेतला आणि सहाला निघाले. सप्टेंबरात बर्फ कमी वितळतं, आणि वेळ सकाळची. एकाही नाल्यात पाणी पोटरीच्या वर आलं नाही. तरी प्रत्येक नाल्यावर पिशव्या सोडल्या, दोन फेऱ्या केल्या, सायकल खालच्या बाजूला धरली. एका ठिकाणी रस्ता तयार करणारे झारखंडचे मजूर होते. त्यांतल्या एकाने विचारलं, “अकेले? कहाँ से?” मी म्हटलं, “बातल से.” “और कहाँ तक?” “छत्रू.” तो म्हणाला, “बस?” सव्वासहाशे किलोमीटर सांगितल्यावर जो आश्चर्याचा चेहरा मला तीन वर्षं बघायला मिळत होता, तो नव्हता. बत्तीस किलोमीटरच. मलाही ते फार बरं वाटलं.

दोन वाजता छत्रूला पोचले. आठ तास. कुणीही नव्हतं टाळ्या वाजवायला. राजमा-चावल खाल्ला. भाच्याला फोन लावायचा होता, पण तिथे रेंज नव्हती.

मला वाटलं होतं, आता टोचणं थांबेल. छत्रूला बसल्या बसल्या कळलं की अर्धंच थांबलंय. रस्ता भरला. पण मी जे ‘नाही’ म्हटलं होतं ते सायकल चालवून कसं भरणार? ते ‘नाही’ कुठल्या नकाशावर नव्हतं. ते बडोद्यात एका मुलीजवळ होतं. टूर डिव्हाइडचा नियम तिथेही लागू होता, आणि ती जागा नाल्यासारखी हललेली नव्हती. घर मला माहीत होतं, चार गल्ल्या सोडून.

परत आल्यावर दिवाळीच्या आधी मी तिच्याकडे गेले. आता ती अकरावीत होती. तिच्या आईने पाणी आणलं, चकलीच्या भाजणीचा विषय निघाला. मी म्हटलं, मला हिच्याशी बोलायचंय. आणि सांगितलं. तू अमुक कार्यक्रमात मला असं विचारलं होतंस, मी ‘नाही’ म्हणाले, ते खोटं होतं. मी बावीस किलोमीटर मटाराच्या गाडीत बसून गेले होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, खरं सांगू? मला तो कार्यक्रम आठवतोय. पण मी काही विचारलं होतं, हे आठवतच नाही.”

तीन वर्षं मी जे डोक्यावर घेऊन फिरत होते, ते तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं! तिची आई हसली, मीही हसले. मग ती मुलगी म्हणाली, “पण आता आठवेल.” आणि जरा थांबून, “मटार खाल्लेत का गाडीत?”

खाल्ले होते. त्या चालकाने एका पोत्याचं तोंड सैल करून मूठभर शेंगा मांडीवर टाकल्या होत्या, बोटं हलवत राहा म्हणून. शेंगा सोलता सोलता बोटांत जीव आला. इतका गोड मटार मी आयुष्यात खाल्ला नाही. आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण गाडी लपवायची म्हटल्यावर मटारही लपवावा लागला, आणि तो भला माणूसही. प्रवासातली सर्वांत चांगली गोष्ट माझ्याशी जो वागला, त्यालाच मी गोष्टीतून काढून टाकलं होतं. हे मला त्या मुलीने विचारल्यावर कळलं.

तर मंडळी, लांबचा सायकलप्रवास तुम्ही कराल तेव्हा तो सलग होईलच असं नाही. कधी दरड येईल, कधी गुडघा जाईल, कधी नाला फुगेल. गाडीत बसायची वेळ आली तर बसा, आणि बसवणाऱ्याचे आभार माना. परत जाऊन तो तुकडा करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. सगळ्यांनी जायलाच हवं असं मी म्हणत नाही, मला रजा मिळाली आणि पाय धड होते म्हणून मी गेले. पण सांगताना मात्र सगळा रस्ता सांगा, गाडीतल्या किलोमीटरांसकट. त्याला पैसे पडत नाहीत आणि चढही लागत नाही.

आणि नाल्याला सकाळी लवकर जा. एकच चहा.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. या वेळी खरी उत्तरं देईन.